धारकास

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पाठ भिंतीकडे, डोळे नंबरांवर.
सुटताना फाटकाशी झडती:
डबा उघडा, पदर झटका, मुठी सोडा.
कागदाचा कपटासुद्धा
माझ्यासोबत कधी बाहेर गेला नाही.
अजूनही कुणी समोर उभं राहिलं
की माझे तळवे आपोआप उघडतात.

म्हणून पहिल्या वर्षी फजिती झाली.
मुक्तिधामच्या मागे, सुट्टीतल्या शाळेचा व्हरांडा,
मे महिन्यातला शेवटचा रविवार,
सतरंजीवर बिया मांडून बसलेली माणसं.
झुबेदा कोकणींचं काटेरी वांगं,
सिडकोतल्या दोघा भावांचं चाकवत, खोकल्याच्या बाटलीत,
कुणाचा लाल माठ लग्नपत्रिकेच्या पाकिटात,
वरचं चि. सौ. कां. अजून वाचता येत होतं.
आणि पैसे कुठेच नाहीत.
मी पर्स उघडून उभी.
झुबेदाबाई म्हणाल्या, ठेवा ते आत.
न्या मूठभर. पुढच्या वर्षी दुप्पट आणा.
मूठ मिटून मी फाटकातून बाहेर पडले.
कुणी अडवलं नाही.
रिक्षात बसेपर्यंत छाती धडधडत होती.

आता गच्चीवर रंगाच्या बादल्या,
द्राक्षांचे फुटके क्रेट,
रसवंतीवाल्याकडची चिपाडं, बाजारातला पाला.
खत घाण मारू लागलं तर चूक माझी, ताक शिंपडते.
खालचे लोखंडे म्हणतात, स्लॅब गळेल.
गळला नाही अजून.
दर बुधवारी त्यांच्याकडे दोडका जातो.

वहीत रकाने आखलेत:
नाव, कुणाकडून, किती, उगवल्या किती.
पाकिटांवर नंबर.
लोखंड्यांचा नातू हसतो,
आजी, बीपण बनावट निघते का?
निघते रे.
दुकानातल्या टोमॅटोची धरली होती,
पोरं एकही बापावर गेली नाहीत.

तिसऱ्या वर्षी पवळीबाई आली. भोये. सुरगाण्याकडची.
समोरच्या इमारतीवर विटा वाहायची.
चिंधीची गाठ सोडली: राखेत घोळलेल्या
काळ्या बिया, पोटाशी पांढरी रेघ.
मी अकरा मोजल्या.
नाव काय लिहू?
"नाव कशाला? लाव की."
रकाना कोरा राहिला.
घे ना तूही काही, म्हटलं.
ती सगळ्या ढिगांवरून हात फिरवत गेली,
माठापाशी थांबली.
"कुठं लावू? काम सरलं
की आमची पत्र्याची खोली हालती."
आणि गेली,
झडतीतून सुटल्यासारखे दोन्ही तळवे उघडे.

वेल पाण्याच्या टाकीवर चढला.
दिवाळीनंतर जांभळी फुलं,
भोगीच्या भाजीला शेंगा,
हाताला दिवसभर तो हिरवा, उग्र वास.
तोवर समोर खिडक्यांना पडदे लागले.
ठेकेदाराला विचारलं.
कोण पवळी? म्हणाला.
पाथर्डी फाट्याला असतील, नाहीतर आडगावला,
नाहीतर गेली असतील गावाकडं.

शेंगा वेलावरच वाळू दिल्या.
बिया राखेत घोळून मोजल्या. परत मोजल्या, सवयीनं.
बावीस.
पाकिटावर नंबर टाकला
आणि नावापाशी पेन अडलं.

मग ती ओळ आठवली,
जी एकतीस वर्षं नजरेखालून गेली
आणि जिच्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं,
कारण माझं काम नंबरांचं.
लिहिलं:
धारकास बावीस बिया देण्याचं वचन देते.
खाली सही, तारीख.

दर मे महिन्यात ते पाकीट सतरंजीवर असतं,
माझ्या गुडघ्याशी. कुणी मागितलं तर सांगते,
हे दिलेलं आहे.
रविवार संपतो. पाऊस लागला
की ते फोडते, लावते,
माघात पुन्हा मोजून भरते.
जुनी बी रुजत नाही.
मजकूर तोच.
तारीख तेवढी बदलते.