फ्रीज वर नेताना

टेम्पोवाल्यानं खालीच उतरवला, सलूनपाशी.
म्हणाला, डिलिव्हरी रस्त्यापर्यंत.
मांगोर हिलवर आमचा रस्ता तिथंच संपायचा.
पुढं पायऱ्या, एकशे बारा,
आणि तिसऱ्या वळणावर अशी चिंचोळी जागा की
दोन बायका घागरी घेऊन समोरासमोर आल्या
तर एकीनं कुणाच्या तरी दारात शिरायचं,
आणि शिरल्यावर चहाला नाही म्हणायचं.

बाबांनी सुतळीनं वळण मोजलं.
मग फ्रीज मोजला.
चार बोटं जास्त.
खानापूरहून आलेला माणूस,
बंदरावर जहाजं रिकामी केलेला,
त्या चार बोटांपुढं डोकं खाजवत बसला.

"छपरावरनं न्या की," हुलिगेव्वा म्हणाली,
आणि आपल्या पत्र्यावरचे टायर, वाळत घातलेल्या मिरच्या,
पोराची मोडकी सायकल
सगळं ओढून बाजूला केलं.
ओडिशाचे सहाजण एका खोलीत पाळीनं झोपायचे,
त्यातले झोपेची पाळी असलेले तिघं उठून आले.
दस्तगीरचाचांनी शिडी दिली, शिव्याही दिल्या.
पिएदाद मावशी खिडकीतून ओरडली,
"सायबा, पत्रे म्हजे नवे!"
आणि मग तीच दोराचं टोक धरून उभी राहिली.

मी नऊ वर्षांची. खालून बघत होते.
पांढरा फ्रीज आभाळात आडवा,
त्याच्यावरून दाबोळीला उतरणारं विमान,
इतकं खाली की चाकं दिसावीत.
हुलिगेव्वा ओरडत होती, "निधान! निधान!"
कानडीत त्याचा अर्थ हळू.
मला वाटलं, ती फ्रीजलाच निधान म्हणतेय,
शेत नांगरताना सापडतं तसलं.
मला ते लगेच पटलं.

वरचा कप्पा चाचांच्या इन्सुलिनचा.
मधला मावशीच्या बांगड्यांचा,
त्यामुळे आमच्या दुधाला वर्षभर बांगड्यांचा वास.
बर्फ आई विकायची, वाटीला पाच रुपये.
कुलूप नव्हतं, भांडणं होती.
एकदा कुणीतरी हुलिगेव्वाची कोथिंबीर घेतली
तर तीन दिवस नळावर कुणी कुणाशी बोललं नाही.
नळ तासभरच यायचा.
त्या तीन दिवसांत पाणी सगळ्यांना पुरलं.

बंदराकडून वारा फिरला
की काळी भुकटी बंद खिडकीतूनसुद्धा आत.
आई सकाळी फ्रीज पुसायची,
दुपारपर्यंत दाराची पाटी झालेली.
मग त्यावर बोटानं हिशेब:
मावशी बर्फ तीन, ओडिशावाले दोन,
हुलिगेव्वा दही, चाचांची सुई नऊ वाजता.
संध्याकाळी फडकं फिरलं की
"उधारी माफ!" बाबा म्हणायचे.
आई म्हणायची, सगळं डोक्यात आहे माझ्या.
होतंच.

मी नोकरीला लागले, आम्ही चिखलीला फ्लॅट घेतला.
सामान उतरवलं. फ्रीज राहिला.
ज्या पत्र्यांवरून तो आला होता
तिथं आता मजले चढलेत,
हुलिगेव्वाच्या घराच्या सळया
चौथ्या मजल्याची वाट बघत उभ्या.
आकाशातली ती वाटही कुणाची तरी खोली झाली,
भाडं साडेचार हजार, लाइट वेगळं.
चाचांच्या सुनेनं विचारलं, फ्रीज घेऊन जाणार?
आई म्हणाली, कसा नेऊ? तुमचाच कप्पा आहे वर.

चिखलीत लिफ्ट आहे.
नवा फ्रीज दहा मिनिटांत आला,
निळा, अर्धा रिकामा.
त्याच्या दारावर बोट फिरवलं तर काही उमटत नाही.
भुकटी सगळी बाबांच्या छातीत.
डॉक्टरनी एक्स-रे उजेडाकडे धरला
आणि बराच वेळ नुसते वाचत राहिले.

त्या दिवशी लिफ्ट बंद होती.
तीन मजले. बाबा कठड्याला धरून,
दर पायरीला थांबून.
आईनं दंडाला धरलं होतं.
"निधान," म्हणाली ती,
"निधान."
तिला कानडी येत नाही.