पावाचा तराजू

आईची शपथ घेऊन सांगितलं मी:
दोन उन्हाळे खाल्लेलं लाकूड आहे हे.
आई तिकडे पुएर्तो आयसेनला धडधाकट,
तिला काय होणार होतं!

दोन्या ओतिलिया काही बोलली नाही.
ट्रकमधून लेंगाचा एक ढलपा उचलला
आणि गालाला लावला,
पोराचा ताप बघावा तसा.

मग दोन ढलपे एकमेकांवर आपटले.
सुकं लाकूड टणकन बोलतं.
माझं बोललं धप्प,
पिठाच्या पोत्यावर पोतं पडल्यासारखं.
म्हटलं, थंडीनं आवाज बसलाय.
ती हसली नाही.

भांडी घासायचा साबण, बोटभर, एका टोकाला.
दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायचं,
आतल्या नळ्या रिकाम्या असल्या तर पलीकडे फेस येतो.
तिनं फुंकलं तर खोकलाच आला,
चाळीस हिवाळ्यांचा धूर एकदम.
त्यातला माझ्या ट्रकचा किती, मी हिशोब केला नाही.
शेजारचा एलिसेओ धावत आला, पुढचे दात पडलेला,
फुंकून फुंकून लालबुंद.
साबण जागच्या जागी.

कोयाइकेत यंत्र मिळतं म्हणे,
दोन सुया टोचल्या की आकडा.
ती म्हणाली, माझ्याकडे पावाचा तराजू आहे.
आठशे बारा ग्रॅम.
पेन्सिलीनं ढलप्यावरच लिहिलं, तारखेसकट,
आणि ढिगाच्या मधोमध खोचून दिला.
"अर्धे पैसे आज.
उरलेले, हा हलका व्हायचा थांबेल तेव्हा."

ऑक्टोबर होता.
दर रविवारी मी पैशांसाठी गेलो
आणि माते पिऊन परत आलो.
सातशे नव्वद. सातशे एकाहत्तर.
मधे एक आठवडा पाऊस, चार ग्रॅम वर चढला,
त्या दिवशी तिनं मला पावही दिला नाही.
डिसेंबरातला वारा माझ्या बाजूनं होता.
सहाशे पंचावन्न.
आईची तब्येत कशी आहे, ती दर वेळी विचारायची.

मार्चमध्ये सहाशे चाळीस.
पुढच्या रविवारी सहाशे चाळीस.
तिनं डब्यातून नोटा काढल्या, मोजून दिल्या.
मी म्हटलं, हा ढलपा ठेवा,
एवढे आकडे आहेत त्याच्यावर.
तिनं चुलीचं दार उघडलं नि टाकला आत.

ट्रक चालू करताना सवयीनं धुराड्याकडे बघितलं.
काहीच दिसेना.
मला वाटलं, विझली.