चौऱ्याऐंशी लाख फेरे

जानेवारीत ओउलूला दिवस तीन वाजताच आवरायला घेतो
आणि तीनलाच आमचं सेमिनार सुरू होतं.
थर्मासभर कॉफी, दालचिनीचे अठरा पाव, हजेरीचा कागद:
एवढी माझी बाजू.
पोलाद त्यांच्याकडे.

बावीस वर्षं या विभागात हा कागद फिरवते आहे.
दहा सह्या झाल्या की दोन श्रेयांक,
म्हणून निम्मे येतात.
उरलेले पावासाठी. मी कुणाला नावं ठेवत नाही.
आलेखातलं मला ओ का ठो कळत नाही,
पण बोलणाऱ्यानं पाणी कितव्या स्लाइडला प्यायलं
यावरून प्रबंध कुठे अडलाय ते सांगू शकते.

आज इल्टा केम्पाइनेन.
विषय: वेल्डिंगच्या जोडाचा थकवा.
(हसू नका. पोलादही थकतं.
फक्त रजेचा अर्ज देत नाही,
दिला असता तर तोही माझ्याच टेबलावर आला असता.)

तिचा नमुना तळघरातल्या यंत्रात आहे
मागल्या आठवड्यातल्या सोमवारी रात्रीपासून,
ओढ, सोड, ओढ, सोड,
सेकंदाला दहा वेळा.
गणिताप्रमाणे तो वीस लाखांवर तुटायला हवा होता.
आज जेवणाच्या सुट्टीत त्र्याऐंशी लाख झाले.
"तो तुटत नाही," ती म्हणाली,
आणि पाणी प्यायली.
पहिल्याच स्लाइडला.
मी पेन खाली ठेवलं.

पुढच्या गुरुवारी ज्याची पाळी आहे तो थिएन
तिच्यापेक्षा जास्त घामाघूम, पहिल्या रांगेत.
तिसऱ्या रांगेत रौतियो सर, निवृत्त होऊन अकरा वर्षं,
डोळे मिटून.
नव्या मुलांना वाटतं, झोपलेत.
जुन्या मुलांना तसं वाटून घ्यायला आवडेल.

सातव्या स्लाइडला दार उघडलं.
हेइस्कारी, तळघराचा तंत्रज्ञ,
जो दुसऱ्या मजल्यावर नाताळच्या जेवणालाही येत नाही,
हातमोजे तसेच घातलेले, धापा टाकत:
"तुटला."

आमच्याकडे टाळ्या शेवटी वाजतात, त्याही मोजून.
आज मध्येच वाजल्या.
थिएन तर उभाच राहिला.
कुठल्याही दुसऱ्या घरात काही मोडलं
तर आधी कुणीतरी ओरडतं,
मग केरसुणी शोधतात.

रौतियो सरांनी डोळे उघडले.
"कुठे?"

हेइस्कारीनं हातमोज्यांकडे पाहिलं.
"पकडीत. यंत्राच्या जबड्यात.
जोड शाबूत आहे."

टाळ्या कुठे ठेवाव्यात ते कुणाला कळेना.
बावीस वर्षांत एवढं मलाही समजलंय:
पकडीत तुटलेला आकडा तक्त्यात धरत नाहीत.
दहा दिवस. चौऱ्याऐंशी लाख वेळा ओढलं, सोडलं,
आणि तुटला तो नको तिथे,
जिथे आपणच धरून ठेवलं होतं.

मी तिच्या ग्लासाकडे बघत राहिले.
तिनं त्याला हात लावला नाही.
प्रोजेक्टर बंद केला, खडू घेतला,
फळ्यावर जबडा काढला, वाईट काढला,
पुसून पुन्हा काढला.
"जोडाविषयी मला अजून काहीच माहीत नाही," ती म्हणाली.
"सकाळी वाटत होतं, थोडं माहीत आहे."
मग पकडीविषयी बोलली, पंचवीस मिनिटं,
तयारी न केलेलं,
आणि पहिल्यांदाच मागच्या रांगेनं फोन पालथे ठेवले.

शेवटी रौतियो सर "हं" म्हणाले.
मागचं "हं" मला आठवतं.
तेव्हा हा थर्मास नवा होता.

एकोणीस सह्या. पाव तीन उरले.
खुर्च्या सरळ करताना ती आली:
मार्चमध्ये एखादा गुरुवार रिकामा आहे का?
दोन होते. तिनं नंतरचा घेतला.
एक पाव कागदी रुमालात गुंडाळून
जिन्यानं खाली गेली, हेइस्कारीसाठी.

त्याला गोड चालत नाही.
मी बोलले नाही.