एवढं उघडलंच आहे तर

पंप तर बदलायचाच.
महिनाभर हिरवं पाणी ठिबकतंय त्याच्या पोटाखालून.
पण एवढं उघडलंच आहे, तर…
मैरामबेक म्हणतो, आणि थांबतो.

बेल्ट? बदल.
टेन्शनरचं बेअरिंग कानाशी धरून फिरवतो,
वाळू चाळल्यासारखा आवाज. तेही.
थर्मोस्टॅट चहाच्या किटलीत उकळून पाहिला:
उघडला बापडा, वेळेवर. राहू दे.

नळी मी दाबते. मऊ आहे अजून.
कडेला बारीक चीर,
की नुसती सुरकुती?
खिशात साडेचार हजार सोम,
नारिनच्या पुढे डोलोनची खिंड, उणे तीस,
मागच्या सीटवर दिवस भरलेली धाकटी.

"नळी माझ्याकडून," तो म्हणतो
स्क्रू आवळता आवळता.
जुनी मात्र पुसून डिकीत ठेवतो:
असू दे,
कशाला तरी लागते.