सही

कार्ड वास्कोहून आलं, बसच्या कंडक्टरच्या मांडीवर.
भाच्याने खोक्यावर लिहिलेलं: मावशी, हे आंबे नव्हेत.
दोन पंखे, वजन एका बऱ्यापैकी चणकाएवढं.
कॅबिनेटमध्ये मावेना, तेव्हा आतला एक पिंजरा
मी करवतीने कापला
आणि पत्र्याचा कीस ओल्या फडक्याने टिपला.

बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले,
पडदा काळा.
वर डाव्या कोपऱ्यात फक्त एक रेघ
उघडझाप करत बसलेली,
मामलेदार कचेरीतल्या खिडकीमागच्या माणसासारखी:
आहे, पण बोलत नाही.

विंडोज घाल, भाचा फोनवर म्हणाला, सगळं आपोआप होतं.
आपोआप हा शब्द मी खाणीत फार ऐकला.
डंपर आपोआप भरत होते, बार्ज आपोआप जात होत्या,
एक दिवस खाण आपोआप बंद पडली.

लिनक्स घेतलं ते गांवकारीसारखं वाटलं म्हणून.
शेत सगळ्यांचं, बांध सगळ्यांचा,
आणि रात्री फुटला
तर ज्याने त्याने कंदील घेऊन जायचं.
तर मी गेले.

आधीच्या ड्रायव्हरचं नाव काळ्या यादीत टाकावं लागलं.
वाईट वाटलं. चार वर्षं बिचारा
निमूटपणे पडदा दाखवत होता.
नवा उतरवला. ओळी धावल्या,
मध्येच वीज गेली, आली,
पुन्हा पहिल्यापासून.
रात्री दीडला कर्नलने सांगितलं:
या मॉड्यूलवर सही नाही.
सही नसलेल्याला आत घेत नाही.

तेवीस वर्षं डिचोलीच्या खाणीत नकाशे काढले मी.
बेंचची उंची, खड्ड्यातलं पाणी, मातीच्या ढिगाचा उतार,
रेघन् रेघ माझ्या हातची.
खाली उजव्या चौकोनात सही केंकरेसाहेबांची,
तीही बॉनेटवर कागद ठेवून, इंजिन चालू.

आता किल्ली तयार करायची होती. माझी मीच.
मालकाचं नाव, असा रकाना आला.
चंद्रावती गांवस, मुक्काम नार्वे, असं लिहिलं.
मुक्काम कोणी विचारला नव्हता.

रीबूटनंतर निळा पडदा येतो, दहा सेकंद थांबतो.
पहिल्यांदा मी चहा उतू गेला म्हणून उठले,
परत आले तर फेरीबोट सुटलेली.
दुसऱ्यांदा चहा जाऊ दिला.
किल्ली नोंदवायची? हो.
नक्की? हो.
पासवर्ड: सात नंबरच्या बेंचची समुद्रसपाटीपासूनची उंची,
जी आता पाण्याखाली आहे.

आणि पडदा उजाडला.

सकाळी कायतानला बोलावलं. मानस तो सांभाळतो,
आमच्या खाजनाचं ते लाकडी दार,
भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं.
ज्या चित्राच्या एकेका चौकटीला आधी चाळीस मिनिटं लागायची
ते पाणी आता त्याच्या डोळ्यांसमोर वाहत होतं,
बांधाला घासत, फेस काढत.
तो खुर्चीत न बसता वाकून बघत राहिला.
मी वाट पाहिली.

चंद्राबाय, तो म्हणाला,
दार उलटं लावलंस.
हे असं उघडलं तर खारं पाणी शेतात.

खरं होतं.
मी फाईल उघडली, दार फिरवलं,
आणि कोपऱ्यातल्या चौकोनातली माझी सही
पुसून, तारीख बदलून,
पुन्हा केली.