तिसरा रकाना

छापील कागदावर दोनच रकाने होते,
हरकत आणि सूचना.
मी कनिष्ठ लिपिक. तीन पेनं, एक पॅड,
आणि धारखेड्याच्या शाळेतलं पाचवीचं बाक,
ज्यात माझे गुडघे मावत नव्हते.

काळपांडे साहेबांनी टेबलावर नकाशा अंथरला.
कुऱ्हाडी फाटा ते हायस्कूल, अकरा किलोमीटर,
डाव्या कडेनं पिवळी रेघ.
रेघेच्या आत एसटी आणि सायकल,
बाकी सारे बाहेर.
पंखा लागला तसा नकाशा उडू लागला,
कोणीतरी खडूचे डबे ठेवून त्याचे कान दाबले.

तुळशीराम गावंडे आधी उठले.
"मंग सोयाबीन कोठी वाळू घालू?
दसऱ्यापासून दिवाळीलोक थे डांबर आमचं खळं हाये."
मी लिहिलं, हरकत एक : डांबर हे खळे आहे.

इसराईलभाई पंक्चरवाले म्हणाले, काचा.
बसले. पुन्हा उठले.
"सारा कचरा कडेलेच येते, साहेब.
रेघ मारान तं झाडू बी मारा.
तसा माह्या धंदा चालन म्हना."
लोक हसले. हसण्याला रकाना नव्हता.

अंजनाबाईंनी विचारलं, रेघ रात्री दिसन का.
मागून एक जण : सकाळची सव्वासात गेली
की मंग थेट दीड, रेघ कोनासाठी?
तो विषय महामंडळाचा, साहेब म्हणाले.
तो विषय महामंडळाचा, मी लिहिलं.
असं तीनदा.

मग दाराशी उभी असलेली एक पोरगी,
सेजल उईके, नववी ब, तिला कोणी बोलावलं नव्हतं.
"सर, रुंदी किती?"
साडेतीन मीटर.
"अन् बस?"
ड्रायव्हर गुलाब ठमके कोपऱ्यातून बोलले,
"आरसे धरून तीनले टेकते, बाई."
तिनं टेबलावरच्या डब्यातून खडू घेतला.
नकाशाचा एक कान उठला.

बाकं सरकली. फरशीवर दोन रेघा.
ठमके आणि कंडक्टर वनिता ढोके
हात पसरून उभे राहिले, मध्ये तिकिटाच्या पिशवीचा पट्टा,
एक याच्या मुठीत, एक तिच्या. झाली बस.
उरलेल्या अर्ध्या मीटरात सेजलनं
आपली निळी सायकल आणली, डब्यासकट, वर्गात.
मागं अकरा पोरी, एकीमागं एक, शेवटची व्हरांड्यात.

बस निघाली. चार पावलं.
थांबली.
"का थांबलात?" साहेब.
"पुढं पोरी हायेत."
"मग अकरा किलोमीटर मागंमागंच जाणार?"
"जाईन ना. पन सव्वासातची गाडी आठच्या बी नंतर लागन.
डेपोत मेमो भेटन. थो कोन घेईन?"
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

तेव्हा सेजल बोलली, मान खाली,
घंटीच्या झाकणावरून अंगठा फिरवत :
"आमाले मांगं बस असली तं बरं वाटते.
नाल्यापाशी.
मांगं बस असली की थे बाइकवाले हळू होत नाहीत."

पंख्याचा आवाज मोठा झाला.
गावंडे खाली बसले. ते कधी उठले होते, मला कळलं नव्हतं.
वनिताबाईंनी पट्टा सोडला नाही.

मी पेन हरकतीवर ठेवलं, मग सूचनेवर.
मग स्केल काढून कागदाच्या उरलेल्या कडेला
एक रेघ मारली. रकाना इतका अरुंद झाला
की एका ओळीत दोनच शब्द बसत.
तिचं वाक्य खाली खाली जात राहिलं
आणि शेवटच्या दोन शब्दांसाठी
पान उलटावं लागलं.

परतताना जीपमध्ये साहेब गप्प.
नाल्यापाशी पुढे सायकली दिसल्या.
आमच्या ड्रायव्हरचा हात हॉर्नवर गेला.
"राहू दे," साहेब म्हणाले, "मागंच चाल."

अहवाल सोमवारी टाइप करायचा आहे.
संगणकातल्या नमुन्यात रकाने दोनच.
तिसरा घालता येतो,
पण आधी तो नाव विचारतो.