वाळूखाली

पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली पाऊण तास.
मग बारीक नळीतून थेंब थेंब
आमच्या टाकीचं पाणी त्याच्या पाण्यात.
क्लीथॉर्प्सच्या दुकानातला गॅरथ म्हणाला होता,
घाई केलीस तर पैसे गेले समज.
सगळे दिवे मालवले.
बोटाएवढा लेपर्ड रॅस, अंगभर ठिपके,
खोलीकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं
आणि सुई गादीत शिरावी
तसा डोक्याकडून वाळूत गेला.

पहिला दिवस काही नाही.
दुसरा, काही नाही.
तिसऱ्या दिवशी मी चमचा घेऊन उभी.
उकरू नकोस, फोनवर गॅरथ.
मेला असेल तर?
मेला असेल तर खेकड्यांना आधी कळेल, तुला नंतर.
असंच बोलतो तो. पण खोटं सांगून विकत नाही.

ग्रिम्सबीत डॉकजवळच्या कारखान्यात
दोन ते दहा मी मेलेल्या माशांचं तापमान बघते.
उणे अठराच्या वर गेलं की लाल शेरा.
कॉड, हॅडॉक, पांढरे चौकोन.
डोळे नसतात त्यांना, ते एक बरं.
मी जालन्याची. समुद्र पाहिला तेविसाव्या वर्षी,
तोही विमानातून.
मासा म्हणजे धरणातला रोहू, पाटीत, वर ओलं पोतं.
आता घरी आल्यावर हात साबणाने धुते,
मग साबण जावा म्हणून दोनदा नुसत्या पाण्याने,
आणि कोपरापर्यंत टाकीत घालते.

पाचव्या रात्री पाणी प्यायला उठले.
एक वाजला होता.
टाकीवर निळा दिवा, असून नसल्यासारखा,
आणि तो बाहेर!
खडकाच्या एकेका भोकाला डोळा लावत चालला होता,
वाण्याकडे प्रत्येक डाळ चिमटीत घेऊन बघणारं
एखादं चिवट गिऱ्हाईक असावं तसा.
तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला.
मालदीवला आता सहा वाजले असतील. उजाडलं असेल.
तो रोज बरोब्बर वेळेवर उठत होता.
आणि आम्ही रोज त्या वेळी घोरत होतो.

गोठलेले मायसिस वितळवले,
लसणाच्या रसात भिजवले.
लसूण ठेचला आणि फोडणीच नाही,
हात उगाच कढईकडे गेला.
पिपेटने हळूच सोडला एक. त्याने तोंडात घेतला,
थुंकला.
पुन्हा घेतला. पुन्हा थुंकला.
तेवढ्यात पिवळा टँग जागा झाला,
शेपटीजवळचं पातं उघडून अंगावर धावला,
बाप्याची जहागीर असल्यासारखा.
विश्राम, अहो विश्राम, आरसा आणा!
नवरा झोपेतून आला, एका हाताने लेंगा सावरत,
दुसऱ्या हाताने माझा आरसा काचेला लावून
अर्धा तास उभा राहिला डोळे मिटून.
टँग आरशातल्या टँगशी भांडत बसला.
आणि इकडे
एक गेला. गिळला. मी मोजलं,
गिळताना त्याचा गळा हलला.

मग दुसऱ्या रात्री दोनला, तिसऱ्या रात्री तीनला,
चौथ्या रात्री चारला गजर.
रोज तासभर उशिरा उजेड,
त्याची सकाळ ओढत ओढत नऊपर्यंत आणली.
डोळ्यांखाली काळं आलं म्हणून सुपरवायझर शर्ली विचारते,
घरी सगळं ठीक ना?
काय सांगणार. मासा आजारी नाही म्हटलं,
मासा नवीन आहे.
ती उणे अठराच्या ट्रेकडे बघत राहिली.

जाळीचं झाकण घट्ट बसवते, चारही कोपरे दाबून.
हे मासे उडी मारतात,
सकाळी गालिच्यावर वाळलेले सापडतात.
कारखान्यातलीच एक जुनी वही आणली आहे,
तीच रेघोटी, तेच रकाने.
आज लिहिलं, वेळ नऊ दहा. तापमान पंचवीस.
सात खाल्ले, एक थुंकला.
शेरा या रकान्यात नेहमीचं काहीतरी लिहायला गेले
आणि पेन तसंच धरून बसले,
तो आठवा, थुंकलेला,
पुन्हा जाऊन उचलेपर्यंत.